'समतोल' म्हणजे दोन्ही हात सारखेच ना, मॅडम?

मी नाशिक विभागातल्या एका तालुक्याच्या गावी, शासकीय आयटीआयत फिटर ट्रेडची शिल्प निदेशक आहे. गेल्या वर्षी मी माझ्याच तुकडीत एक उद्योग करून पाहिला. कानस (लोखंड घासायची फाइल) चालवणं आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं सरकत्या पट्टीचं उपकरण) वाचणं शिकवण्यासाठी नवीन साहित्य तयार केलं आणि त्यानं खरंच काही फरक पडतो का, ते तपासलं. साहित्य तयार करणारे आमच्यात पुष्कळ आहेत. भिंती तक्त्यांनी भरल्यात, कपाटात मॉडेलं आहेत, पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ आहेत. त्यातून पोराच्या हाताला काही येतं का, हे बघायला कुणी बसत नाही. चौदा वर्षं मीही बसले नव्हते. आणि बसायचं ठरवलं तेव्हा कसं करायचं, कुणाला विचारायचं, काही कळेना. तुमच्यापैकी कुणी शिवणकाम, वायरिंग, वेल्डिंग, नर्सिंग असलं हाताचं काम शिकवत असेल आणि असं काही करायचं मनात असेल, तर माझी धडपड उपयोगी पडेल.

जुलै २०२४. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला तुकडा दिला आणि माप विचारलं. त्यानं व्हर्निअर नीट धरला, जबडे नीट टेकवले, मान वाकडी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चोवीस पॉइंट अठरा." खरं माप होतं २४.३६. व्हर्निअर पट्टीवरची अठरावी रेघ जुळली होती, ती ०.०२ने, म्हणजे व्हर्निअरच्या लघुतम मापानं, गुणायला तो विसरला. परीक्षक माझ्याकडे बघून हसले, अगदी सौम्यच, पण मला घाम फुटला. कारण याच मुलाला 'व्हर्निअरचं लघुतम माप किती?' असा संगणकावरच्या थिअरी पेपरातला प्रश्न कधीच चुकला नसता. त्याला उत्तर पाठ होतं, माप येत नव्हतं. नंतर मी बारा जणांना तोच तुकडा दिला. सात जणांनी गुणाकार गाळला. सात जण चुकतात तेव्हा पोरं ढ आहेत म्हणून चालत नाही.

५ ऑगस्टला प्राचार्यांना एक पानी अर्ज दिला. सरांनी वाचला, म्हणाले, "चांगलंय. पण वरून विचारून घेऊ." मग टिपणी, गटनिदेशकांची सही, जावक क्रमांक आणि वाट बघणं. २८ तारखेला स्मरणपत्र पाठवलं. फोन केला की 'फाइल टेबलावर आहे' असं उत्तर यायचं, कुणाच्या टेबलावर ते कुणी सांगायचं नाही. गणपती आले, गेले. १९ सप्टेंबरला दोन ओळींचं पत्र आलं: अभ्यासक्रमात बदल होत नसल्याने स्वतंत्र परवानगीची आवश्यकता नाही. म्हणजे थांबायची गरज नव्हती, हे कळायला साडेसहा आठवडे थांबावं लागलं.

तुम्ही अर्ज करणार असाल तर पहिल्याच अर्जात तीन वाक्यं घाला: अभ्यासक्रमात बदल नाही, वेळापत्रकात बदल नाही, शासनावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार नाही. ही तीन वाक्यं दिसली की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझ्या अर्जात ती नव्हती. मी तिथे 'प्रयोग' हा शब्द चार वेळा लिहिला होता.

हाच शब्द पालकांच्या संमतिपत्रातही गेला. पहिल्या वर्षाची बरीच मुलं अठराच्या आतली असतात आणि मला त्यांच्या हातांचे फोटो, व्हिडिओ घ्यायचे होते, म्हणून घरून सही आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी एका वडिलांचा फोन. "मॅडम, आमच्याच पोरावर प्रयोग कशाला? काही बिघडलं तर वर्ष जाईल त्याचं." मी समजावलं की शिकवायचं तेच आहे, कागद तेवढा वेगळा आहे आणि एका गटाला जे उपयोगी पडेल ते दुसऱ्या गटाला लगेच मिळणार आहे. ते पटलं त्यांना. पत्र बदललं. 'प्रयोग'च्या जागी 'शिकवण्याच्या साहित्याची तपासणी' आलं आणि सगळ्या सह्या चार दिवसांत आल्या.

परवानगीची वाट बघताना मी सुरक्षितता, मार्किंग आणि हॅक्सॉ उरकून घेतलं होतं. आता कानस आणि व्हर्निअर. आमच्याकडे फिटरच्या दोन तुकड्या, दोन पाळ्या. माझ्या तुकडीला नवीन साहित्य, दुपारच्या तुकडीला जुनं, असा माझा सरळ बेत होता. दुपारचे सहकारी म्हणाले, "मग तुमचं साहित्य जिंकलं की तुम्ही जिंकलात, हे कसं कळणार?" बरोबरच होतं. म्हणून माझ्याच वीस जणांचे हजेरी क्रमांकानुसार सम-विषम असे दहा-दहाचे दोन गट केले. व्हर्निअरचं नवीन साहित्य विषम गटाला, कानशीचं सम गटाला. म्हणजे प्रत्येकाला एक जुनं, एक नवं. कुणी तक्रार करायला जागा नाही.

आता साहित्य. निमीची पुस्तकं आमच्याकडे आहेतच. चेन्नईची ही संस्था १९८६मध्ये जर्मन मदतीनं सुरू झाली आणि आयटीआयची पुस्तकं तीच काढते. पुस्तक चांगलं आहे, पण ते पुस्तक आहे. शेगड्याशेजारी (जॉब पकडायच्या व्हाइसशेजारी), तेलकट हातानं, उभ्यानं बघायचा कागद नव्हे. मला तो कागद हवा होता. निदेशकांच्या प्रशिक्षणात आम्हाला एक रीत शिकवली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांना झटपट तयार करायचं होतं, तेव्हा ती बसवली गेली. कामाचे दोन रकाने करायचे. डावीकडे टप्पे, उजवीकडे प्रत्येक टप्प्यातली खुबी, म्हणजे जिच्यावाचून काम बिघडतं ती गोष्ट. वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. वापरलं मात्र पहिल्यांदाच.

टप्पे दहा मिनिटांत लिहून झाले. खुब्या सुचेनात. मला कानस चालवता येते, पण मी काय करते ते मला सांगता येईना. शेवटी दुपारच्या सहकाऱ्यांना म्हटलं, मी चालवते, तुम्ही फक्त माझे हात बघा आणि दिसेल ते लिहा. त्यांनी लिहिलेलं तिसरं वाक्य असं होतं: 'शेवटाला डावा हात जवळजवळ सोडता.' मी म्हटलं, छे, मी असं काही करत नाही. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. करत होते. कानस पुढे जाते तसतसा माझा डावा हात हलका होत जातो आणि उजवा जड.

का ते सोपं आहे. कानस म्हणजे जॉबवर, घासायच्या तुकड्यावर, टेकलेली तराजूची दांडी. सुरुवातीला जॉब टोकाजवळ असतो आणि मुठीकडची बाजू लांब बाहेर असते, तेव्हा उजवा हात दाबला की मूठ खाली बसते. शेवटाला उलटं, टोक लांब बाहेर जातं आणि डावा हात दाबला की ते खाली झुकतं. दोन्ही हात सारखे दाबत राहिलं तर कानस डुलते, दोन्ही कडा जास्त खाल्ल्या जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलाचा पहिला जॉब उजेडात धरून त्यावर ट्राय स्क्वेअरचं (गुण्याचं) पातं ठेवा, दोन्ही टोकांना फट दिसेल.

हे सगळं कळूनही मी कार्डावर काय लिहिलं? 'दोन्ही हातांचा दाब समतोल ठेवा.' सहा फोटो, सहा ओळी, आणि चौथी ओळ ही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्ड मुलांपुढे ठेवलं. सगळ्यांपुढे एकदम नाही. एका वेळी एक मुलगा, मधल्या सुट्टीनंतर, वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या शेगड्यावर. त्याला इतकंच सांगायचं की हा कागद बघून काम कर, मी इथे नाही असं समज. मग गप्प बसायचं, तो कुठे अडतो, कुठे परत मागे जाऊन वाचतो, ते लिहायचं. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत अवघड गेलं ते हे गप्प बसणं. पहिल्या मुलाच्या वेळी मी तीन मिनिटांत दोनदा "अरे, अंगठा वर" म्हणून गेले आणि ती बैठक वाया गेली. दुसऱ्या दिवसापासून तोंडात खडीसाखर ठेवायला लागले. खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. हसू नका, यानं खरंच जमलं.

तिसरा मुलगा हाताचा चांगला, समजूतदार. त्यानं कार्ड पूर्ण वाचलं, पवित्रा बरोबर घेतला, कोपर शेगड्याच्या उंचीला आलं की नाही तेही बघितलं. कानशीचे चार घाव बरे मारले. मग थांबून कार्डाकडे बघितलं आणि पुढचे घाव स्पष्टपणे बिघडले. दोन्ही खांदे आवळून तो दोन्हीकडे सारखा जोर लावायला लागला. मी खडीसाखर गिळली आणि विचारलं, आत्ता काय बदललंस? तो म्हणाला, "मॅडम, 'समतोल' म्हणजे दोन्ही हात सारखेच ना? मी आधी चुकीचं करत होतो."

आधी तो बरोबर करत होता. माझ्या कार्डानं त्याचं बिघडवलं.

ते कार्ड मी उत्साहाच्या भरात आधीच लॅमिनेट करून आणलं होतं. बारा प्रती, प्रत्येकी पंचवीस रुपये, तीनशे रुपये पाण्यात. तेव्हापासून नियम केला: किमान तीन मुलं त्या कागदावरून काम करून जात नाहीत, तोवर साधी झेरॉक्स. तीनच का? माझ्याकडे तिसऱ्यानंतर नवीन काही निघेना, चौथ्या-पाचव्यानं तिथेच अडखळायचं. तुमच्याकडे पाच लागतील कदाचित. नवीन ओळ अशी झाली: 'सुरुवातीला डावा हात जड. मध्ये दोन्ही सारखे. शेवटी उजवा जड.' शेजारी तीन फोटो, जड हातावर लाल ठिपका. बस्स.

व्हिडिओची गंमत वेगळीच. मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासाठी मी दीड मिनिटाची चित्रफीत केली होती, समोरून घेतलेली, वर्गात बसलेल्या मुलाला दिसेल तशी. दुसऱ्या दिवशी सम गटातल्या दोघांनी मूठ डाव्या हातात धरली. दोघेही उजवखोरे. मी समोरून दाखवत होते, त्यांनी आरशातल्यासारखं उचललं. व्हिडिओ पुन्हा केला, या वेळी मोबाइल माझ्या उजव्या खांद्यामागून, म्हणजे मुलाला आपलेच हात दिसावेत तसा. त्यानंतर ती चूक कुणी केली नाही. हातकामाचा व्हिडिओ करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवलं तर एक फेरी वाचेल.

व्हर्निअरसाठी मी मोठा बेत केला होता. मागच्या बाकावरून दिसेल असा वीस पट मोठा व्हर्निअर. ०.०२च्या व्हर्निअरमध्ये ४९ मिलिमीटरचे ५० भाग करतात. वीस पटीत ती पट्टी ९८ सेंटिमीटरची होते, एकेक भाग १.९६ सेंटिमीटर, आणि मुख्य पट्टीचा भाग २ सेंटिमीटर. आठ फुटी एमडीएफच्या पट्टीवर छान बसतं. गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलं, फेविकॉलनं चिकटवलं, वरची पट्टी सरकवून शून्यावर आणली. पन्नासावी रेघ एकोणपन्नासाव्यावर यायला हवी. ती सहा मिलिमीटर पुढे. चिकटवताना फ्लेक्स ताणला गेला होता. दोन रेघांमधला फरकच मुळात ०.४ मिलिमीटर, तिथे सहा मिलिमीटरची चूक. माझा व्हर्निअर सरळ खोटं बोलत होता. गटनिदेशक म्हणाले, "चीनचा माल का?"

मग नाशिकला जाऊन लेझरनं एमडीएफवरच रेघा कोरून घेतल्या. बोर्डासकट १,८५० रुपये आणि एक रजा. काम सुरेख झालं, पण वर्गात लावल्यावर कळलं की मागच्या बाकावरून तरीही दिसत नाही. रेघेची जाडीच एक मिलिमीटर आणि फरक ०.४, मग कुठली रेघ जुळली हे चार फुटांवरून कुणाला कळणार? ते मला कागदावर गणित मांडतानाच कळायला हवं होतं. फरक डोळ्यांना दिसायचा असेल तर आधी ०.१चा व्हर्निअर शिकवायला हवा, ९ मिलिमीटरचे १० भाग. वीस पटीत तिथे दोन मिलिमीटरचा फरक पडतो.

तो तर मुलं स्वतःच करू शकतात. आलेख कागदावर एक सेंटिमीटरला एक मिलिमीटर मानायचं, मुख्य पट्टीवर दर सेंटिमीटरला रेघ, दुसऱ्या पट्टीवर दर ९ मिलिमीटरला. कापायची, सरकवायची. विषम गटातल्या दहा जणांनी ४० मिनिटांत आपापली पट्टी केली. मी काही न सांगता एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तिसरी रेघ जुळली तर तीनदा एक-एक दशांश मागं राहिलंय!" तिला गुणाकार सांगावा लागला नाही, कारण तिनं रेघांमधली ती तूट स्वतःच्या हातानं आखली होती. मग ०.०२वर आलो. मोठा बोर्ड अगदीच वाया नाही गेला. शून्याची चूक शिकवायला तो चांगला आहे, मुद्दाम पट्टी दोन रेघा पुढे सरकवून ठेवली की धन चूक, मागे ठेवली की ऋण. १,८५० रुपये त्यासाठी जरा जास्तच झाले, हे मान्य.

चाचणीच्या वेळी वेगळाच घोळ. माझं साहित्य, माझी मुलं आणि मापही मीच तपासणार, तर हात सैल पडणारच. म्हणून दुपारचे सहकारी तपासतील असं ठरलं आणि जॉब कुणाचा हे त्यांना कळू नये, म्हणून प्रत्येक तुकड्यावर नंबर पंचनं क्रमांक मारले. तुकडे दिल्यावर ते हसायला लागले. मी हजेरी क्रमांकच मारले होते. सम-विषम बघितलं की गट कळतो! सगळे तुकडे मागच्या बाजूला नव्यानं, चिठ्ठ्या काढून आलेल्या क्रमांकांनी पंच केले. तुकडे मागच्या वर्षीच्या परीक्षेतल्या वाया गेलेल्या जॉबचे वापरले. नवे घेतले असते तर ७५ बाय १० ची पट्टी मीटरला जवळजवळ ५.९ किलो भरते, वीस जणांचे ७६ मिलिमीटरचे तुकडे म्हणजे नऊ किलो लोखंड, त्याचं मागणीपत्र आणि पुन्हा ते टेबल.

व्हर्निअरची चाचणी १७ ऑक्टोबरला झाली. प्रत्येकाला पाच तुकडे, पाच मापं. नवीन गटात पाचही बरोबर सहा जणांची, जुन्या गटात चौघांची. दहा-दहाच्या गटात दोघांचा फरक म्हणजे काहीच नाही, त्यातले दोघे त्या दिवशी नीट जेवून आले असतील इतकाच त्याचा अर्थ. मी जरा खट्टू झाले.

मग दिवाळी आली आणि तिच्यामागे विधानसभा. आम्हा सगळ्यांना निवडणुकीची ड्यूटी. प्रशिक्षण, साहित्यवाटप, २० नोव्हेंबरचं मतदान, सगळं धरून माझे वर्गाचे कितीतरी दिवस गेले. वैताग होता, पण एक गोष्ट तिथे शिकले. प्रशिक्षणात आधी भाषण झालं, ते मी विसरले. मग आम्हाला सात-आठ जणांच्या टोळक्यात एकेका यंत्रापुढे बसवलं आणि सगळं आमच्या हातानं जोडायला लावलं. बॅलट युनिट व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅट कंट्रोल युनिटला. मॉक पोलची किमान पन्नास मतं टाकायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. या तीन बटणांचा क्रम शिकवणाऱ्यांनी आमच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतला, बोट बटणावर ठेवूनच. मतदानाच्या दिवशी पहाटे, झोप झालेली नसताना, माझं बोट आपोआप त्याच क्रमानं गेलं. परत आल्यावर कार्डाच्या वर मी तीन शब्द लिहिले: 'डावा, दोन्ही, उजवा'. आणि मुलांना घाव मारताना ते मोठ्यानं म्हणायला लावलं. वर्कशॉपमध्ये आठवडाभर कवायतीचं मैदान झालं होतं. प्राचार्य सर एकदा डोकावून गेले, काही बोलले नाहीत.

२८ नोव्हेंबरला व्हर्निअरची तीच चाचणी पुन्हा घेतली, न सांगता. मध्ये सहा आठवडे गेलेले, कुणी व्हर्निअरला हात लावलेला नाही. जुन्या गटात पाचही बरोबर आलेला एकच उरला. आलेख कागदवाल्या गटात पाच. आता मात्र मला जरा बरं वाटलं. गटं लहान आहेत, यावर कुणी शासन निर्णय काढू नये, पण जुन्या गटातल्या चुका बघितल्या तर बहुतेक त्याच होत्या: अठरावी रेघ, पॉइंट अठरा. तुम्ही कधी काही तपासणार असाल तर शिकवल्याच्या आठवड्यातली चाचणी घ्या, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा घ्या. निवडणूक नसती तर मीही घेतली नसती.

कानशीच्या चाचणीचं काय झालं? काही नाही झालं. आमचे शेगडे ओळीत समोरासमोर आहेत. सम गटाचं कार्ड विषम गटाला तिसऱ्या दिवशी पाठ होतं आणि 'डावा, दोन्ही, उजवा' तर अख्खं वर्कशॉप म्हणत होतं. प्रशियन ब्लू लावून सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर, जॉब घासायचा आणि कुठे उंच राहिलंय ते निळ्या डागावरून बघायचं, ही युक्तीही मी फक्त सम गटाला दिली होती. दुपारपर्यंत सगळ्यांची बोटं निळी. तुलना तिथेच संपली. डिसेंबरच्या मध्यावर मोजणी केली तेव्हा दोन्ही गटांचे जॉब सारखेच आले. ०.०५ मिलिमीटर जाडीची फीलर पट्टी (फट तपासायची पातळ पट्टी) दोन्हींकडच्या निम्म्याअधिक जॉबखाली जात नव्हती. मागच्या वर्षीपेक्षा हे बरं आहे असं मला वाटतं, पण मागच्या वर्षी मी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ते वाटणंच. शिवाय कांद्याच्या लागणीचे दिवस, चार-पाच मुलं पंधरवडाभर आलीच नाहीत. आमच्या भागात असलं काही करायचं असेल तर पीक बघून तारखा ठरवा.

जानेवारी २०२५मध्ये सुधारलेलं कार्ड आणि आलेख कागदाचा धडा दुपारच्या सहकाऱ्यांना दिला. मी तिथे नसताना दुसऱ्याच्या हातात हे चालतं का, हेही बघायचं होतं. पंधरा दिवसांनी गेले तर कार्ड वर्कशॉपच्या भिंतीवर, साडेसहा फुटांवर, खिळ्याला टांगलेलं. ते म्हणाले, "हरवतात हो." त्यांचंही चूक नव्हतं. कार्ड कसं वापरायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, मला वाटलं दिसतंच आहे. आता कार्डाच्या मागे तीन ओळी आहेत आणि कोपऱ्यात छिद्र पाडून सुतळी, शेगड्याच्या दांड्याला बांधायला. सुतळी त्यांची कल्पना. आलेख कागदाचा धडा मात्र त्यांनी माझ्यापेक्षा चांगला घेतला. पट्ट्या कापून झाल्यावर मुलांना अदलाबदल करायला लावली आणि एकमेकांच्या पट्टीतली चूक शोधायला सांगितली.

एकूण खर्च सांगते, कारण कुणीच सांगत नाही. फ्लेक्स ४२०, बोर्ड १,८५०, वाया गेलेलं लॅमिनेशन ३००, नंतरचं ५००, आलेख कागद, झेरॉक्स, निळी ट्यूब मिळून ३६० च्या आसपास. साडेतीन हजारांच्या आत, खिशातून. आज पुन्हा करायचं तर आठशे-नऊशेंत होईल. अहवाल सात पानांचा झाला, एप्रिलमध्ये दिला, पोच मिळाली. त्यात फसलेल्या गोष्टी लिहाव्यात की नाही यावर मी दोन रात्री घालवल्या. लिहिल्या. कानशीची तुलना कशी विस्कटली ते पान मी मुद्दाम पहिलं ठेवलं, म्हणजे दुसरं कुणी करणार असेल तर दोन गटांना दोन वेगळ्या दिवशी वर्कशॉपमध्ये घेईल.

आता ड्रिल घासणं हातात घेतलंय. ११८ अंशांचं टोक, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, मागे आठ ते बारा अंशांची सूट. ग्राइंडरवर मनगट कसं फिरतं ते मला पुन्हा सांगता येत नाही, सहकाऱ्यांनी बघून लिहिलंय. पहिल्या कार्डाची झेरॉक्स झाली आहे, लॅमिनेशन नाही. सोमवारी पहिला मुलगा बसेल, गॉगल घालून. खडीसाखर आणून ठेवली आहे.